एका टू-इन-वनला किती कारागीर लागतात

फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली छोटी कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढच्या तीन वर्षांत कंपनीनं रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एका पेटीत बसवून दाखवले, ज्याला आपल्याकडे टू-इन-वन म्हणतात. भारतात कंपनीचा जम तोवर चांगला बसला होता. कोलकात्यात १९४८ पासून तिचे रेडिओ बनत होते, १९५९ मध्ये पुण्याजवळ दुसरा रेडिओ कारखाना निघाला आणि १९७० मध्ये पिंपरीत घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना सुरू झाला. भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी या गावांची मिळून नगरपालिका झाली तीही त्याच वर्षी. पिंपरीचा तो कारखाना २००६ मध्ये बंद पडला. तिथल्या वस्तू मात्र अजून या भागातल्या माळ्यांवर, दिवाणाखाली, जुन्या ट्रंकांमागे पडून आहेत आणि त्यातला एखादा टू-इन-वन अधूनमधून भोसरीतल्या कुणाच्या तरी टेबलावर येतो.

ऐंशीच्या दशकात कामगाराच्या घरात दिवाळीच्या बोनसमधून येणाऱ्या मोठ्या वस्तूंमध्ये टू-इन-वन होता. ज्यांचं कुणी आखाती देशात होतं त्यांच्याकडे शार्प, सान्यो, नॅशनल पॅनासोनिकचे जपानी सेट आले. बाकीच्यांकडे फिलिप्स, मर्फी, बुश, पुढे बीपीएल आणि व्हिडिओकॉन. टी-सीरीज आणि व्हीनसनं कॅसेट स्वस्त केल्या, पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसनं मराठी कॅसेटचा मोठा संसार उभा केला, आणि भीमगीतं, भजनं, वगनाट्यं गल्लीगल्लीत वाजू लागली. त्याहून मोलाचं काम या पेट्यांनी गुपचूप केलं. त्यांना रेकॉर्डिंगचं लाल बटण होतं. त्या बटणानं आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बारशाचा गोंधळ, दुबईला पाठवायची बोलकी पत्रं टिपून ठेवली. ते आवाज दुसरीकडे कुठंच नाहीत. जुना सेट दुरुस्त करायला मी आग्रह धरतो तो मुख्यतः यासाठी.

आता ही दुरुस्ती एकट्याच्या आवाक्यातली नाही. टू-इन-वनमध्ये रेडिओ आहे, ॲम्प्लिफायर आहे, विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, मोटर आहे, रबर आहे, प्लास्टिकचे दाते आहेत आणि लोहचुंबकाचं बारीक काम आहे. रेडिओचं ज्ञान असलेल्याला लेथ येत नाही, लेथवाल्याला सर्किट वाचता येत नाही. म्हणून हा छंद चार माणसं जमवूनच करावा लागतो. भोसरीत ती चार माणसं एकाच चहाच्या टपरीवर सापडतात. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कुणी टर्नर, कुणी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेला, कुणी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा असे लोक एका टेबलाभोवती बसले की काम पुढे सरकतं.

काम सुरू होतं ते प्लग न लावण्यापासून. वीस वर्षं बंद असलेला सेट घरी आल्या आल्या चालू करून पाहण्याचा मोह जबरदस्त असतो आणि बरेचसे सेट त्याच मिनिटाला कायमचे जातात. आधी मागची पाटी वाचायची. आखातातून आलेल्या सेटला बहुधा व्होल्टेज बदलायची चकती असते. ती ११० वर राहिलेली असेल तर आपल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर जळणारच. थेट जपानमधल्या बाजारासाठी बनलेले सेट फक्त १०० व्होल्टचे असतात. त्यांना बाहेरून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावायचा किंवा आतला पुन्हा वाइंड करून घ्यायचा. विजेची फ्रीक्वेन्सी ५० की ६० याची मात्र चिंता नको, कारण टेपची मोटर डीसी असते, तिला मेन्सच्या फ्रीक्वेन्सीशी देणंघेणं नाही.

पाटी जुळली तरी पहिला करंट सिरीज बोर्डातून. साठ वॉटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या वाटेत जोडलेला असतो. बल्ब क्षणभर लुकलुकून मंदावला तर ठीक. भगभगून पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि जे जळायचं ते बल्बनं वाचवलं. प्रत्येक जुन्या मेकॅनिकच्या भिंतीवर असा बोर्ड असतो आणि तो घरी बनवायला फारसा खर्च येत नाही.

मग सेलचा कप्पा. इथं परदेशी पुस्तकांतला एक सल्ला आपल्याकडे उलटा पडतो. तिकडे सांगतात की सेल गळून पांढरं झालं असेल तर व्हिनेगरनं पुसा. ते अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे, कारण त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं आणि आम्लानं ते मारलं जातं. आपल्या घरांत मात्र वर्षानुवर्षं वापरले गेले ते झिंक-कार्बनचे मोठे सेल. त्यातला द्रव अमोनियम क्लोराइड आणि झिंक क्लोराइडचा, म्हणजे मुळातच आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर ओतणं म्हणजे रोगात भर घालणं. तिथं खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी कापसाच्या बोळ्यानं लावायचं, पुसायचं, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल फिरवून कोरडं करायचं. स्प्रिंगा खाऊन गेल्या असतील तर भोसरीत स्प्रिंग बनवणारे गाळे आहेत आणि निकेल प्लेटिंग करून देणारेही आहेत. नव्या स्प्रिंगसाठी तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे एवढं लिहून नेलं की पुरतं.

सेट उघडताना घाई नको. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की पुढचा प्लास्टिकचा खांब फुटतो. डायलवरचा काटा सरकवणारी दोरी सुटण्याआधी तिचे वेढे मोबाइलवर चारही बाजूंनी टिपून घ्यावेत. ती दोरी पुन्हा ओवताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आता बेल्ट. बहुतेक सेट ज्यामुळे मुके झाले ते कारण हेच. मोटरपासून फ्लायव्हीलपर्यंत चौकोनी छेदाचा एक बारीक रबरी पट्टा असतो. काही रबरं वयानुसार ताठरून तडकतात, काही उलट विरघळून उन्हाळ्यातल्या रस्त्याच्या डांबरासारखी होतात. तो काळा चिकटा पुलीच्या खाचेत, फ्लायव्हीलवर, खाली सर्किटवर सगळीकडे पसरतो आणि बोटाला लागला की दोन दिवस जात नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश आणि भरपूर वेळ, एवढंच त्यावर औषध. थिनर वापरू नका. थिनर प्लास्टिक खातो.

हे सफाईचं काम कंटाळवाणं आहे, पण तिथं कुचराई केली तर पुढचं सगळं व्यर्थ. टेप ओढणारा कॅप्स्टन म्हणजे फ्लायव्हीलच्या मधून वर आलेला पोलादी दांडा. तो दोन मिलीमीटर जाडीचा धरा. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगानं धावते, म्हणजे दांडा सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरतो. त्यावर सगळीकडून फक्त वीस मायक्रॉनचा चिकटा बसला तर व्यास चाळीस मायक्रॉननं वाढला, म्हणजे दोन टक्के वेग वाढला. चिकटा एकाच बाजूला असेल तर आवाज सेकंदाला साडेसात वेळा थरथरणार. भोसरीतल्या सीएनसीवर काम करणाऱ्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही. वीस मायक्रॉनला जॉब रिजेक्ट होतो हे तो रोज पाहतो. बाहेरच्या लोकांना कॅसेटचा टेप म्हणजे खेळणं वाटतं. टर्नर मंडळींनी तो पहिल्यांदा उघडून पाहिला की त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसतो, आणि तो मला योग्य वाटतो.

नवा बेल्ट निवडताना दोरा घ्यायचा, सगळ्या पुल्यांभोवती मूळ वाटेनं फिरवायचा, लांबी मोजायची आणि त्याहून साधारण पाच टक्के कमी घेराचा बेल्ट मागायचा. फार घट्ट घेतला तर मोटरचं बेअरिंग झिजतं, सैल घेतला तर टेप ओढताना घसरतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिश्र मापांची पाकिटं मिळत आली आहेत. भोसरीत वाहनांच्या रबरी भागांची दुकानं असल्यानं ओ-रिंग वापरायचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो. आकडे दाखवणाऱ्या काउंटरला ओ-रिंग चालते. मुख्य बेल्टला चालत नाही. ओ-रिंगला साच्याची बारीक शिवण असते, ती प्रत्येक फेरीत पुलीवरून जाताना झटका देते आणि बासरीच्या लांब सुरात तो ऐकू येतो.

बेल्टनंतर पिंच रोलर. हा रबरी रोलर टेपला कॅप्स्टनवर दाबून धरतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत चकाकता झाला की पकड जाते आणि टेप आत गुंडाळली जाते. आपल्या सगळ्यांच्या लहानपणीची पेन्सिल घालून सोडवलेली कॅसेट बहुधा याच रोलरचा प्रताप होती. पाण्याच्या कागदानं हलके घासून चालतं, पण रोलर वाकडा झिजला असेल तर लेथवर घ्यावा लागतो. रबर हत्यारानं कापायला गेलं तर ते दबतं आणि परत फुगतं. म्हणून ते ग्राइंडरनं, हळूहळू घासावं लागतं. हे टर्नरनं सांगितलं तर पटतं, पुस्तकात वाचून हात बसत नाही.

दाते तुटलेलं चक्र असेल तर त्याच्या दात्यांचं माप, म्हणजे मॉड्यूल, कोष्टकाशिवायही निघतं. उरलेल्या दात्यांवरून पूर्ण चक्राचे दात मोजायचे, व्हर्निअरनं बाहेरचा व्यास घ्यायचा, आणि व्यासाला दात अधिक दोन यानं भागायचं. बाहेरचा व्यास २० मिलीमीटर आणि दात ३८ असतील तर २० भागिले ४०, म्हणजे मॉड्यूल अर्धा. एवढा आकडा हातात आला की टूलरूममधला माणूस ॲसिटलच्या सळईतून चक्र काढून देऊ शकतो, किंवा थ्री-डी प्रिंटरवाला. प्रिंट केलेले दाते खरबरीत असतात, टेपच्या मार्गात मला ते आवडत नाहीत. रिवाइंडच्या चक्राला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला दोन जागा जास्त सतावतात. एक म्हणजे रेकॉर्ड-प्लेचा लांबलचक सरकता स्विच. त्यात दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक संपर्क असतात आणि एकावर जरी काळा थर चढला तरी एका बाजूचा आवाज गायब होतो, शिट्टी येते, किंवा वाजवायला लावलेल्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊन बसतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-पंचवीस वेळा सरकवल्याशिवाय कुठल्याही निष्कर्षाला येऊ नये. दुसरी जागा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतला द्रव सुकला की गुंजारव वाढतो, आवाजातला भरणा जातो. सरसकट सगळे बदलायची टूम निघाली आहे. मी ती मानत नाही. वीजपुरवठ्यातले आणि स्पीकरकडे जाणारे मोठे कपॅसिटर बदलावेत, बाकीचे मीटरवर तपासून ठरवावं. विनाकारण लावलेला प्रत्येक नवा डाग जुन्या पातळ सर्किटची तांब्याची पट्टी उखडण्याची संधी असते.

आयसी गेला असेल तर मात्र सांभाळून. आपल्याकडे टेपच्या दुकानांत एलए ४४४० हा सान्योचा आयसी घरोघरी माहीत होता. आता त्या नावाचा मिळणारा बराच माल नकली असतो, चार दिवस वाजतो आणि तापून मरतो. इथं शौकिनांचा गोतावळा खरा उपयोगी पडतो. कुणाकडे जुन्या मेलेल्या सेटमधून काढून ठेवलेला अस्सल असतो, कुणाला कोणत्या दुकानदाराकडचा माल टिकला हे ठाऊक असतं. फिलिप्सच्या जुन्या ट्रान्झिस्टर सेटांत एसी १८७ आणि १८८ ही जर्मेनियमची जोडी भेटते. भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बंगळूरमध्ये बनवले होते, आणि आजही अशा जोड्या कुणाच्या तरी काडेपेटीत निघतात.

यंत्र फिरू लागलं की वेग तपासायचा. मोटरच्या मागे एक बारीक छिद्र असतं, आत पेचकसानं फिरवायचा प्रीसेट. मापासाठी ३१५० हर्ट्झचा एकसुरी आवाज भरलेली चाचणी कॅसेट वाजवतात आणि मोबाइलवर फ्रीक्वेन्सी पाहतात. ३०८७ दिसले तर टेप दोन टक्के संथ आहे. अशी खात्रीची कॅसेट सगळ्यांकडे नसते. ती एकाकडे असली की सगळ्यांत फिरते. नसेल तर पेटीवाल्याला बोलवा. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत, म्हणजे काळी एक ते पांढरी दोन, सहा टक्क्यांचा फरक असतो. ज्या गाण्याची पट्टी माहीत आहे ते लावलं की भजनी मंडळातला पेटी वाजवणारा माणूस पाव पट्टीची चूकही सांगतो. त्याला आकडे लागत नाहीत.

सगळ्यात नाजूक काम हेडच्या कोनाचं, ज्याला ॲझिमथ म्हणतात. हेडच्या तोंडावर एक-दोन मायक्रॉनची उभी चीर असते. तिच्यासमोरून टेप जाताना लोहचुंबकीय नक्षी वाचली जाते. दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर किती लांब असेल? ४.७६ सेंटीमीटरला दहा हजारांनी भागा, ४.७६ मायक्रॉन. स्टिरिओचा एक पट्टा साधारण ०.६ मिलीमीटर रुंद असतो. हेड अर्ध्या अंशानं तिरकं झालं तर पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकात पाच मायक्रॉनहून जास्त फरक पडतो. वरचं टोक लाटेचा चढ वाचतं तेव्हा खालचं पुढच्या लाटेत पोचलेलं असतं, मधले चढ-उतार एकमेकांना खोडतात आणि झांजांची, चाळांची, श, स अशा अक्षरांची धार नाहीशी होते. ऐकणाऱ्याला वाटतं कॅसेट जुनी झाली. खरं तर हेडशेजारचा स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवायचा असतो. कान देऊन, किलकिल सर्वात जास्त येईल तिथं तो थांबवायचा आणि नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्का करायचा.

घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटचं एक वेगळंच आहे. ती ज्या सेटवर भरली त्याचं हेड तिरकं असेल तर तिचं गणितही तिरकं असतं. अशा कॅसेटपुरता स्क्रू तिच्याप्रमाणे लावून, आवाज संगणकात उतरवून घेऊन मग मूळ जागी आणावा. आजीच्या ओव्या या पाव फेऱ्यात उजळून निघालेल्या मी ऐकल्या आहेत. मात्र दुरुस्त सेटमध्ये पहिली कॅसेट ती नको. आधी एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण चालवून बघा, आणि मौल्यवान कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडलेत ना याची खात्री करा, म्हणजे लाल बटण दाबलंच जाणार नाही. पावसाळ्यात ओल लागून टेपच्या कडांवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती सेटमध्ये घालूच नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते.

रेडिओचा भाग तुलनेनं सोशिक असतो. फिरता कपॅसिटर आणि बँड स्विच साफ केला की आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला सापडावं. नाही सापडलं तर आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहा, गोंगाट त्यांचा असतो. आतल्या रंगीत टोप्यांच्या आयएफटी कॉइल्स पेचकसानं फिरवून बघायचा मोह टाळा. कारखान्यात लावलेलं ते ट्यूनिंग एकदा हललं की उपकरणाशिवाय परत येत नाही. जपानी बाजाराच्या सेटवर एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो, त्यामुळे १०१ वरचं विविध भारती त्यावर लागत नाही आणि लोक उगाच सेट बिघडलाय समजतात.

सुटे भाग हा पुढचा प्रश्न. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिल्या पाळीवरून सुटलेला माणूस बुधवारी संध्याकाळी तिथं पोचू शकतो, तोवर चांगला माल बहुधा गेलेला असतो. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली आणि भंगाराचा धंदा विखुरला. त्यामुळे आता मेलेले सेट जपणाऱ्यांची किंमत वाढली आहे. दाराशी आलेल्या भंगारवाल्याला किलोच्या भावानं टेप देण्यापूर्वी त्यातली मोटर, हेड, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर काढून ठेवावेत, किंवा सरळ कुणा शौकिनाला फोन करावा. शार्पचा जीएफ-७७७, जेव्हीसीचा आरसी-एम९० असे सेट जगभर शोधले जातात. एम९० तर १९८५ साली एलएल कूल जे या अमेरिकी रॅपरच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर झळकला होता. आखातातून आलेल्या सामानात तसा एखादा आपल्याकडेही निघू शकतो, म्हणून मॉडेल नंबर वाचल्याशिवाय काही टाकू नये.

रबर बदलता येतं, दाते कापता येतात, ट्रान्सफॉर्मर पुन्हा वाइंड होतो. हेड मात्र भोसरीत बनत नाही. टेप घासून घासून त्याच्या तोंडावर सपाट पायरी पडली, चीर उघडली, की त्या सेटची धार संपली. अशा वेळी मोटारींतल्या जुन्या कॅसेट प्लेअरचं हेड कधी कधी चालतं. बघायच्या गोष्टी तीन: टेकायच्या स्क्रूंमधलं अंतर, हेडच्या तोंडाची उंची आणि कॉइलचा रोध. हेड दोन्ही दिशांनी वाजणाऱ्या प्लेअरचं नसावं, त्याला चार पट्टे असतात. म्हणून चाकण ते भोसरी पट्ट्यात ज्यांच्या गॅरेजमध्ये काढून टाकलेले कार स्टिरिओ पडून आहेत त्यांनी ते भंगारात घालू नयेत. हेडवर कापूस लावून, प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत आणि पिशवीवर कुठल्या प्लेअरचं आहे ते लिहावं.